जुन्या जिप्सीचा पुढचा शाफ्ट: ठेवावा की काढावा?

सोलापुरात जुनी मारुती जिप्सी घेतली की महिन्याभरात कुणीतरी सांगतंच, "फोर-व्हील काढून टाका, गाडी मोकळी होईल." मलाही सांगितलं. मी ऐकलं, पुढचा शाफ्ट (पुढच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा) काढून दोन पावसाळे गाडी चालवली आणि नंतर तो परत बसवला. दोन्ही बाजूंनी राहून झालंय, म्हणून या विचारात असलेल्यांसाठी लिहितोय. माझी गाडी १९९४ची, एमजी ४१० डब्ल्यू, कार्ब्युरेटरवाली. तुमची जिप्सी किंग (नंतरचं मॉडेल) असेल तर इंजिन वेगळं, पण पुढच्या ॲक्सलचं गणित बरंचसं तेच.

आधी एक गैरसमज दूर करतो. जिप्सीचं फोर-व्हील "काढणं" म्हणजे ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारी पेटी) काढणं नव्हे. ती काढताच येत नाही, कारण मागच्या चाकांची ताकदही तिच्यातूनच जाते. गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये येतो आणि तिथून एक शाफ्ट मागं, एक पुढं. आपण काढतो तो फक्त पुढचा. दोन्ही टोकांचे बोल्ट खोलले की शाफ्ट हातात येतो, मिस्त्रीला अर्धा तास पुरतो. काम इतकं सोपं असल्यामुळंच लोक फार विचार न करता ते करून मोकळे होतात, असं मला वाटतं.

मी का काढला? विजापूर रोडला गाडी साठच्या पुढं गेली की खालून घूं-घूं आवाज यायचा आणि पायाखालचा पत्रा थरथरायचा. आईला मंद्रूपपर्यंत नेलं तरी उतरताना ती म्हणायची, कान भरून आले. शाफ्ट काढला त्या दिवशी गाडी खरंच शांत झाली. ते सुख मी नाकारणार नाही. रोज सात रस्ता ते जुळे सोलापूर आणि रविवारी अक्कलकोट एवढंच तुमचं फिरणं असेल, तर हे सुख छोटं नाही.

पण आवाज कशामुळं होता हे मला फार उशिरा कळलं. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना आधीच्या मालकानं फ्री-व्हील हब (चाक ॲक्सलला जोडायची किंवा सोडवायची सोय) काढून पक्क्या टोप्या बसवल्या होत्या. टोप्या पक्क्या असल्या की गाडी टू-व्हीलमध्ये असतानाही पुढची चाकं आतले ॲक्सल फिरवतात, ॲक्सल डिफ (दोन चाकांमधला गिअरचा डबा, डिफरेन्शियल) फिरवतो आणि डिफ शाफ्टला फुकट गरगरवत ठेवतो. त्यात माझ्या शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) झिजलेले. हातानं फिरवायचे फ्री हब असते आणि ते मोकळे ठेवले असते, तर टू-व्हीलमध्ये तो शाफ्ट जागचा हललाही नसता. म्हणजे शाफ्ट काढून जे मिळवलं, ते हब मोकळे ठेवूनही मिळालं असतं. मायलेजमध्ये तर मला दोन्हीकडं सांगण्यासारखा फरक जाणवला नाही.

ही परीक्षा घरीच करता येते. गाडी टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांवर) टाका, हब मोकळे करा, मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं एक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. चाक फिरतंय आणि शाफ्ट शांत आहे, तर काढून फारसा उपयोग नाही. दुसऱ्या बाजूलाही तसंच करून बघा, कारण एक हब चांगला आणि दुसरा अडकलेला, असंही होतं.

आणखी एक. साठच्या आसपास किंवा खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग लटलटतं, म्हणूनही पुष्कळ जण शाफ्ट काढतात. तो दोष बहुतेक वेळा किंगपिनच्या (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिच्या) बेअरिंगचा असतो किंवा चाकाच्या बॅलन्सिंगचा. चाकाच्या आतल्या बाजूनं तेल-ग्रीसचा काळा ओघळ येतो, तो नकलच्या (ॲक्सलच्या टोकाच्या वळत्या सांध्याच्या) आतलं सील गेल्यामुळं. डिफचं तेल ग्रीसमध्ये उतरतं आणि पातळ होऊन बाहेर येतं. शाफ्ट काढल्यानं यातलं काहीच थांबत नाही. ॲक्सल तिथंच असतो, तेल तिथंच असतं, बेअरिंगवर वजनही तेवढंच.

आता ज्या त्रासानं माझा निकाल लागला, त्याबद्दल.

मंद्रूप ओलांडून हमरस्ता सोडला की आमच्या शेतापर्यंत अडीच किलोमीटर पाणंद आहे. अर्ध्यापर्यंत मुरूम पडलाय, पुढं निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात तिथून कुठलीही गाडी जाते. जून-जुलैही जमून जातो. आमच्याकडं पावसाचा खरा जोर सप्टेंबरात, आणि ज्वारीची पेरणीही त्याच सुमारास. काळी माती भिजली की ती चाकाला धरते, मडगार्डमध्ये भरते, टायरची नक्षी बुजते आणि मागचं चाक तेल लावल्यासारखं जागेवर फिरायला लागतं. ॲक्सिलरेटर दिला तर गाडी खाली बसते, पुढं जात नाही.

पहिल्या वर्षी दोनदा रुतलो. दोन्ही वेळा शेजारच्या शेतातले अण्णा आले. वापसा (पेरणीजोगी ओल) आलेला, त्यांच्या ट्रॅक्टरला पेरणी यंत्र जोडलेलं. मी बांधावरून हाक मारली तर म्हणाले, "एवढा फेरा मारून येतो की ओ, थांबा." फेरा संपला. त्यांनी यंत्र खाली टेकवलं, टॉप लिंक सोडली, खालच्या दोन पिना काढल्या, पाणंदीत आले, साखळी बांधून मला ओढून काढलं. मग परत जाऊन यंत्र जोडायला लागले. एक पीन बसेना, ते वाकून हातोडीनं ठोकत होते आणि मी चिखलाचे पाय घेऊन बाजूला उभा. सगळ्यात तासभर गेला. वापसा दोन-तीन दिवसच टिकतो, तासाचंही मोल असतं. पैसे काढले तर हात जोडले, वर घरातून चहा मागवला. मला तो चहा घशाखाली जाईना.

पुढच्या सप्टेंबरात तिसऱ्यांदा रुतलो, तेव्हा हाक मारायला तोंडच उघडलं नाही. गाडी तिथंच सोडली, खताची पिशवी खांद्यावर टाकली आणि चालत शेत गाठलं. संध्याकाळी अण्णांना गाडी दिसली आणि ते आपणहून ट्रॅक्टर घेऊन आले. वर मलाच रागावले, "सांगायचं नाही का ओ?" रुतणं मी सहन केलं असतं. चिखल धुऊन जातो. पण पेरणीच्या दिवसात दुसऱ्याचं औत सोडायला लावणं, तेही माझ्याच गाडीत असलेली सोय मीच काढून ठेवल्यामुळं, हे मला पटेना. त्या आठवड्यात गोणपाटात गुंडाळलेला शाफ्ट माळ्यावरून खाली काढला.

बसवताना दोन्ही क्रॉस नवे टाकले आणि पक्क्या टोप्यांच्या जागी हातानं फिरवायचे हब लावले. खर्च झाला, आणि तो शाफ्ट नुसता काढून ठेवण्यापेक्षा अर्थातच जास्त. एक चूक मात्र आमच्याकडून झाली. शाफ्टचे दोन तुकडे स्प्लाइनवर (एकात एक बसणाऱ्या खाचांवर) सरकतात. ते सुटे झाले होते आणि जोडताना दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आले नाहीत. पुन्हा थरथर सुरू. मिस्त्रींनी खोलून एक रेष धरून जोडलं आणि थरथर गेली. तुम्ही काढणार असाल तर आधी पंचनं किंवा पांढऱ्या रंगानं खूण करून ठेवा.

आता डांबर सुटलं की मी उतरतो, दोन्ही हब लॉक करतो आणि मगच मुरमावर घालतो. चिखलात शिरल्यावर लॉक करायला गेलं तर हात कोपरापर्यंत मातीत. तिथून फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर), आणि शेवटच्या ओढ्याजवळ गरज वाटली तर थांबून फोर-लो (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त). गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश निघते. पुढची चाकं ओढतात, तेव्हा स्टिअरिंगला मातीत एक दिशा मिळते. मागचं चाक नुसतं ढकलत असतं तेव्हा ती मिळत नाही. हा फरक आकड्यात सांगता येणार नाही, पण त्या पाणंदीवर तो पहिल्या वीस फुटांत कळतो.

फोर-व्हील म्हणजे सगळं निभावेल, असंही म्हणणार नाही. दोन्ही डिफ साधे, लॉक न होणारे आहेत. पुढचं एक आणि मागचं एक चाक एकदम सरकलं तर गाडी थांबतेच. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर फोर-हाय लावून वळूही नका. मध्ये डिफ नसल्यामुळं पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक शाफ्टमध्ये ताण बनून साठतो, लिव्हर अडकतो. अडकलाच तर थोडं रिव्हर्स घ्या, ताण सुटतो.

काढण्याच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुढचा शाफ्ट नसतानाही फोर-लो लावलं की मागच्या चाकांना लो गिअर मिळतो. ओझं घेऊन चढ चढताना मी तो वापरला आहे. पण मग सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो, त्यामुळं जपून. पुढच्या डिफचा क्राउन-पिनियन (आतली मुख्य गिअरची जोडी) गेला असेल आणि चांगला मिळत नसेल, तर शाफ्ट काढणंच योग्य. ज्यांची गाडी वर्षानुवर्षं डांबर सोडत नाही, त्यांनाही मी आग्रह करणार नाही.

बाकीच्यांनी, निदान ज्यांचं शेत काळ्या रानात आहे त्यांनी, आधी हब बघावेत, क्रॉस बघावेत आणि मगच ठरवावं. शाफ्ट ठेवलात तर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर हब लॉक करून दोन-चार किलोमीटर फिरवा, म्हणजे डिफमधलं तेल सगळीकडं पोहोचतं आणि हब जाम होत नाहीत. काढलात तर स्प्लाइनला ग्रीस भरून, गोणपाटात गुंडाळून, आडवा ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका.