लाडक्या क्लबशी निष्ठा : शिअरर आणि रूनी

इंग्लंडचे फुटबॉलपटू ॲलन शिअरर आणि वेन रूनी, दोघेही ज्या क्लबचे चाहते म्हणून वाढले त्याच क्लबसाठी खेळले, पण उलट्या क्रमाने. न्यूकॅसलचा ॲलन शिअरर आधी साउथॅम्प्टन आणि ब्लॅकबर्नकडून खेळला आणि 1995 मध्ये ब्लॅकबर्नसोबत इंग्लंडची अव्वल लीग जिंकला. 1996 मध्ये मँचेस्टर युनायटेडला नकार देऊन तो दीड कोटी पौंडांच्या तेव्हाच्या विक्रमी किमतीला घरी, न्यूकॅसल क्लबमध्ये परतला. तिथे 206 गोल केले, क्लबचा सार्वकालिक विक्रम! पण 1998 आणि 1999 ची एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) फायनल न्यूकॅसल हरली आणि करंडक एकही मिळाला नाही.

वेन रूनी एव्हर्टनमध्येच घडला. 2002 च्या युवा कप फायनलमध्ये ‘एकदा निळा, तो कायम निळा’ असं लिहिलेला टीशर्ट त्याने आत घातला होता (निळा हा एव्हर्टनचा रंग). 2004 मध्ये, अठराव्या वर्षी, तो युनायटेडला गेला आणि त्या टीशर्टची आठवण स्टँडमधून वर्षानुवर्षं काढली गेली. युनायटेडने त्याला पाच लीग विजेतेपदं आणि चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा, मिळवून दिली. 2017 मध्ये तो एव्हर्टनला परतला खरा, पण वेग ओसरला होता. एका हंगामानंतर अमेरिकेत गेला.

शिअरर पंचविशीत, ऐन भरात परतला, रूनी एकतिशीत. चाहत्यांच्या मनात शिअररचं पारडं जड आहे ते म्हणूनच, आणि ते योग्यच आहे.