टायमरवाली ठिबक आणि हिरवी नेट: नागपुरात उन्हाळा, पावसाळा, थंडी काढल्यानंतरचा अनुभव

मार्च संपता संपता गच्चीवर टायमरवालं ठिबक किट बसवलं होतं, आता संक्रांत आलीये, म्हणजे नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) झाला, पावसाळा झाला, ऑक्टोबर हिट झाली आणि थंडी चालू आहे, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच किट मस्त चालतं, त्यावरून काहीच कळत नाही, आपल्याकडे वस्तू टिकते की नाही ते मे महिना ठरवतो. गच्ची पाहून गेलेल्यांनी बरेच प्रश्न विचारले, गावाला गेल्यावर कसं करता, टमाटर का लागत नाही, एवढ्या भाजीचं करता काय, तर त्यांचीही उत्तरं इथेच देऊन टाकते.

सेटअप साधा आहे. प्रतापनगरला घर, गच्ची पूर्ण उघडी, दुपारनंतर पश्चिमेचं ऊन सरळ येतं. बारा बाय बाराच्या एचडीपीई ग्रो बॅगा, आणि अर्धे कापलेले निळे ड्रम, त्यात कागदी लिंबू, कढीपत्ता आणि संत्र्याचं एक कलम. पाणी वरच्या टाकीतून येतं. 16 एमएमची काळी नळी मेन लाइन, तिच्यातून प्रत्येक बॅगेला 4 एमएमची बारकी नळी आणि टोकाला फिरवून कमीजास्त होणारा ड्रिपर.

घ्यायच्या आधी एकच गोष्ट नीट समजून घ्या, ती म्हणजे प्रेशर. पाणी दहा मीटर उंचीवर असेल तर साधारण एक बार प्रेशर मिळतं, आणि आपली टाकी गच्चीच्या वर सात-आठ फूट असते, म्हणजे पाव बारसुद्धा नाही. टायमर दोन प्रकारचे येतात. सोलेनॉइडवाला असतो त्याला उघडझाप करायलाच पाण्याचं प्रेशर लागतं, तो टाकीच्या लाइनवर नीट चालत नाही, कधी उघडत नाही तर कधी बंदच होत नाही. दुसरा बॉल व्हॉल्ववाला, त्यात छोटी मोटर व्हॉल्व फिरवते, प्रेशर नसलं तरी चालतो. तोच घ्या. दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा "सगळे सारखेच आहे ताई" हेच उत्तर मिळतं, म्हणून डब्यावर झिरो प्रेशर किंवा ग्रॅव्हिटी लिहिलंय का ते स्वतः वाचा. शेतातले प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर, म्हणजे प्रेशर कमीजास्त झालं तरी सारखंच पाणी सोडणारे, ते पण गच्चीवर आणू नका, ते चांगलेच असतात पण एवढ्या कमी प्रेशरला त्यांचा उपयोग नाही.

आता उन्हाळा. नागपुरात पारा 45 च्या वर जातो हे सांगायला नको, पण झाडांचं नुकसान नुसत्या हवेने होत नाही, तापलेल्या पाण्याने जास्त होतं. दुपारी काळ्या नळीत अडकलेलं पाणी चहाच्या आधणासारखं तापतं आणि टायमर त्या वेळेला लावला तर पहिलं पाणी तेच मुळावर पडतं. संध्याकाळी सात वाजतासुद्धा टाकीचं पाणी हाताला चटका देतं. म्हणून मी वेळ लावली पहाटे साडेचार आणि रात्री नऊनंतर, मधल्या वेळात थेंबही नाही. किती पाणी पडतं ते अंदाजाने नका ठरवू, ड्रिपरखाली रिकामी बाटली ठेवा, दहा मिनिटं चालवा आणि मोजा, टाकीजवळच्या आणि शेवटच्या बॅगेत केवढा फरक पडतो ते दिसेल, मग ड्रिपर फिरवून सारखं करा. मे महिन्यात वांग्याच्या बॅगेला दिवसाला दोनेक लिटर लागलं, थंडीत अर्धा लिटरही पुरतं.

पण ठिबकपेक्षा जास्त काम केलं ते हिरव्या नेटने, हे मी ठासून सांगते. बजेट कमी असेल तर आधी नेट घ्या, टायमर पुढच्या वर्षी. 50 टक्केवाली, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी घ्या, 75 ची घेतली तर सावली जास्त होते आणि भाज्या नुसत्या उंच लांब वाढत जातात. नेट डोक्यापेक्षा बरीच वर बांधायची म्हणजे गरम हवा निघून जाते, आणि वरची नेट जेवढी महत्त्वाची तेवढीच पश्चिमेला उभी लावलेली, चार ते सहाचं तिरपं ऊन वरच्या नेटखालून आत शिरतं आणि पानं त्यानेच करपतात. बांधताना सुटेल अशी गाठ मारा, कारण मे-जूनमध्ये संध्याकाळी वादळ उठलं की नेट शिडासारखी फुगते आणि पाइप घेऊन जाते, आमच्या गल्लीत हे दरवर्षी कोणाकडे तरी होतंच. पावसाळा लागला की काढून घडी करून ठेवायची, त्या दिवसांत उजेड कमीच असतो.

टमाटरचा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, झाड हिरवंगार आहे, फुलं येतात आणि गळून जातात, कोणतं खत घालू. खत नका घालू. दिवसा 35 च्या वर आणि रात्रीही गरम असलं की टमाटरचा पराग नीट काम करत नाही, फळ धरत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा सहसा 25 च्या खाली येत नाही. कितीही पाणी द्या, काही फरक पडत नाही. टमाटरचं रोप ऑगस्ट-सप्टेंबरात करा, थंडीभर खा. उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी आणि चवळाईचा पाला, एवढंच लावा, हे लोक ऊन सहन करतात.

आंबाडी जूनमध्ये टाकली होती, पहिल्या पावसानंतर, आणि तिच्याएवढा आनंद दुसऱ्या कशाने दिला नाही. खाली थोडी पानं ठेवून खुडत राहायची, फुटवे येत राहतात. भाजी आमच्याकडे अशी होते, पानं उकळत्या पाण्यात टाकायची, रंग बदलला की काढून पिळायची म्हणजे जास्तीचा आंबटपणा निघून जातो, मग शिजलेली तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायची, मीठ, चवीपुरता गूळ. वरून फोडणी वेगळी करायची, तेल जरा हात सैल सोडून, भरपूर लसूण तांबूस होईस्तोवर आणि सुक्या लाल मिरच्या, ती जेवताना ताटात वरून घ्यायची, आधीच ढवळून टाकली तर लसणाचा कुरकुरीतपणा जातो. सोबत भाकर. डाळ किती, पाला किती हे विचारतात, पण ते पाला किती आंबट आहे त्यावर आहे, कोवळा असला तर डाळ कमी घाला.

कोथिंबीर ऑक्टोबरमध्ये धने चोळून दोन भाग करून पेरली, उन्हाळ्यात पेरू नका, उगवते थोडीशी आणि लगेच फुलावर जाते. डिसेंबरात सांबारवडी केली (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), आणि एक सांगते, सांबारवडीला कोथिंबीर एवढी लागते की गच्चीवरची पुरत नाही, गोकुळपेठ बाजारातून जुड्या आणाव्याच लागल्या. पण धुतल्यावर ती कपड्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची, ओली राहिली तर खसखस, तीळ, खोबऱ्याचं सारण पाणी सोडतं आणि वडी तेलात फुटते. कढी पातळ ठेवा, वडी तिच्यात बुडवून खायची असते.

गावाला गेल्यावरचं गणित सोपं आहे. समजा 40 बॅगा, प्रत्येकीला 2 लिटर, म्हणजे दिवसाला 80 लिटर, 500 लिटरची टाकी सहा दिवस. टायमर कितीही भारी असला तरी टाकी रिकामी झाली की तो हवा सोडतो. म्हणून उन्हाळ्यात जास्त दिवस जायचं असेल तर एकाला किल्ली द्यावी लागतेच, फक्त त्याला रोज झाडांना पाणी घालायला सांगावं लागत नाही, पंप चालू करून टाकी भर एवढंच सांगायचं, आणि एवढं कोणीही करतं. निघायच्या आदल्या दिवशी लाइन चालवून प्रत्येक ड्रिपर डोळ्यांनी बघा, टायमरमध्ये नवीन सेल टाका, आणि बॅगांवर वाळलेल्या पाल्याचा थर द्या, एवढ्यानेही पाणी बरंच वाचतं.

ऑगस्टमध्ये आम्ही चिखलदऱ्याला गेलो तेव्हा टायमरला रेन डिले लावून गेलो, म्हणजे ठराविक दिवस तो स्वतः बंद राहतो आणि मग परत चालू होतो, पावसाळ्यात हे बटण असणं फार कामाचं आहे. जायचं असेल तर अमरावती-परतवाडा मार्गे जा आणि परतवाड्यावरून उजेडात वर चढा, त्या दिवसांत धुकं एवढं असतं की घाटात समोरची गाडी दिसत नाही. शनिवार-रविवार टाळता आला तर नक्की टाळा. तिथे कॉफीची झाडं आहेत, आणि ती पाहून आलेला प्रत्येक जण मला विचारतो की इथे कुंडीत येईल का. चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास उंचीवर आहे, कॉफीला थंडावा, ओलावा आणि सावली पाहिजे, नागपूरचा मे महिना तिला झेपणार नाही, रोप आणून बिचारीला त्रास देऊ नका.

आता तक्रारी. किटमध्ये आलेले टी आणि एल्बो, म्हणजे नळ्यांचे जोड, अगदी हलक्या प्लास्टिकचे होते, जूनच्या आत कडक होऊन चिरले, ज्याच्याकडून घेतलं त्याने बदलून द्यायला साफ नकार दिला, मग शेतीच्या दुकानातून ठिबकचं सुटं सामान आणून लावलं आणि ते अजून जसंच्या तसं आहे. खरं सांगू का, टायमर सोडला तर बाकी सगळं अशा दुकानातूनच घ्या, स्वस्त पडतं आणि दर्जा शेताचा असतो. किटमधल्या अर्धपारदर्शक बारक्या नळ्यांत उजेड जातो आणि आत शेवाळ धरतं, काळी नळी मागून घ्या. खारींनी दोन-तीन ठिकाणी नळी कुरतडली, उन्हाळ्यात त्यांनाही पाणी पाहिजे असतं, जवळ पाण्याचं परळ भरून ठेवायला लागले तेव्हापासून हा त्रास जवळपास थांबला.

बोअरिंगचं पाणी असेल तर फिल्टरशिवाय लाइन सुरूच करू नका, 120 मेशचा जाळीचा फिल्टर टाकीच्या तोंडाशीच लावायचा आणि आठवड्यातून एकदा धुवायचा. तरी क्षार साचतातच, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली दिसते. ड्रिपर काढून निंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी साफ निघतात. सुई घालून भोक मोठं करू नका, मग तो ड्रिपर कामातून जातो.

क्षारावरून आठवलं, कूलरच्या टबमधलं उरलेलं पाणी झाडांना चालतं का, हा प्रश्न एप्रिल ते जून रोज असतो. नको. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार टबातच राहतात, वरून आपण परत भरतो, म्हणजे खालचं पाणी दिवसेंदिवस खारटच होत जातं. एसीच्या नळीतून गळणारं पाणी मात्र हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार नसतात, ते मी फुलझाडांना घालते.

शेवटी संत्रा, कारण माझा जीव त्याच्यात जास्त आहे. संत्रा ड्रममध्ये येतो, कलम जंबेरीच्या (एक रानटी लिंबू) खुंटावरचं आणलंय, काळी माती न वापरता हलकं मिश्रण भरलंय, कारण काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि ड्रममध्ये पाणी कोंडतं. पण टायमरच्या ठिबकचा इथे एक तोटा आहे आणि तो कोणी सांगत नाही. रोज बेतानं पाणी मिळत राहिलं तर संत्रा नुसता पाला काढतो, फुलत नाही. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलांसाठी, थंडीत त्याला ताण बसावा लागतो, म्हणजे काही दिवस पाणी तोडावं लागतं. म्हणून डिसेंबर लागताच फक्त त्याच ड्रमच्या बारक्या नळीला बूच लावलं, बाकी लाइन चालू. ज्या नर्सरीतून कलम आणलं तिथल्या काकांनी बजावलंच होतं, "ताई, पानं मलूल दिसली तरी पाणी नोका देऊ, तान बसू द्या." ड्रममध्ये माती थोडी असते, त्यामुळे शेतातल्या झाडाएवढा लांब ताण देता येत नाही, पानांची चकाकी जाऊन ती जरा वळायला लागली की पुरे, रोज सकाळी बघायचं. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, ड्रममध्ये धरूच नका, त्यासाठी मे महिन्यात पाणी तोडावं लागतं आणि गच्चीवरच्या ड्रममध्ये तेव्हा झाड सरळ वाळून जाईल.

आता या आठवड्यात ताण तोडतेय. पहिल्या दिवशी ड्रमभर ओतायचं नाही, आधी वरची माती हलवून शेणखत घालायचं, हलकं पाणी द्यायचं, तीन-चार दिवसांनी जरा जास्त, आणि मगच नळीचं बूच काढून लाइनवर घ्यायचं. फुलं आली आणि पुढे फळ किती टिकलं ते एप्रिलमध्ये याच्याखालीच जोडून लिहीन.