पास, कुऱ्हाड, विळा: कोणत्या कामाला कोणता सँडिंग पट्टा?

मोटरच्या मशीनवर फिरणारा, लोखंड घासायचा दाणेदार पट्टा दुकानात मागताना रंग सांगू नका. निळा म्हणजे झिरकोनिया दाण्याचा आणि लाल म्हणजे सिरॅमिक दाण्याचा असं प्रत्येक कंपनीत असतंच असं नाही. पट्टा उलटा करून मागच्या कापडावर छापलेलं वाचा.

खरी निवड तीन दाण्यांतच आहे. ॲल्युमिनिअम ऑक्साइड स्वस्त, हलक्या हातानेही कापतो, पण लवकर बोथट होतो. झिरकोनिया महाग, जास्त टिकतो. दाबून घासलं की त्याचा दाणा फुटतो आणि नवी धार उघडी पडते. सिरॅमिक सगळ्यात महाग आणि कडक पोलादावर सगळ्यात जलद, पण त्याला जोर आणि वेग दोन्ही लागतात. काळा सिलिकॉन कार्बाइड दगड-काचेसाठी ठेवा, पोलादावर तो लवकर मरतो.

गावात घोडं अडतं ते मोटरवर. पट्टा फिरवणारं 4 इंची चाक 1440 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असेल तर पट्टा सेकंदाला साधारण साडेसात मीटर धावतो, 2880 वर पंधरा. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की 1 एचपीची मोटर जोर दिल्याबरोबर बसते. मग माणूस हात हलका करतो. हलक्या हाताखाली सिरॅमिकचा दाणा फुटत नाही, गुळगुळीत होतो. पट्टा कापायचं सोडून नुसता घासतो आणि लोखंड तापवतो. अशा मशीनवर महाग पट्टा म्हणजे पैसे पाण्यात. मोटर 2 एचपीची असेल आणि रोज वेल्डिंगचे सांधे घासायचे असतील, तरच सिरॅमिकचा विचार करा.

वखराची किंवा डवऱ्याची पास (माती कापणारं आडवं पातं), गाडीच्या जुन्या कमानपाट्याची कुऱ्हाड: आकार द्यायला 60 नंबरचा (नंबर मोठा तसा दाणा बारीक) झिरकोनिया, जाड ताठ कापडाचा (एक्स). धारेला 120 चा ॲल्युमिनिअम ऑक्साइड. कुऱ्हाडीवर शेवटी 240, तोही मऊ कापडाचा (जे), म्हणजे गोलाईवर पट्टा वळतो. पासेला 240 ची हौस कशाला, पहिल्याच तासात माती ती धार खाते. साध्या विळ्याला थेट 120. दातेरी विळा पट्ट्यावर धरूच नका, दात जातात. त्याला तिकोनी कानसच.

धारेवर पिवळसर छटा आली म्हणजे पोलाद 220 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं. निळी झाली तर 300 च्या घरात, तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढा भाग घासून काढावा लागतो. म्हणून बादली शेजारी हवी आणि बोटाला चटका जाणवण्याआधी पातं पाण्यात. नवा पट्टा कमी तापवतो, जुना जास्त. काटकसर म्हणून मेलेला पट्टा धारेवर वापरणं सगळ्यात महाग पडतं. पट्टा धारेकडून बाहेर पळेल असंच पातं धरा, उलट धरलं तर धार पट्ट्यात घुसून तो फाडते.

पट्ट्याच्या आत बाण छापलेला असेल तर त्याच दिशेने चढवा, नाहीतर पट्ट्याचा सांधा उखडतो. पावसाळ्यात पट्टे ओल धरून वळतात. खिळ्याला टांगले की घडी पडते आणि प्रत्येक फेरीला ठक्‌ठक्‌ वाजतात. ठिबकचा उरलेला 4 इंची पाइप आडवा बांधून त्यावर टांगा.

आणि मशीन कापसाच्या ढिगापासून, कुटारापासून लांब, ठिणग्यांचं तोंड मोकळ्या अंगणाकडे.