एमएस्सीला पर्यावरणशास्त्र की वनस्पतिशास्त्र?

साताऱ्यात राहून इकॉलॉजी शिकायची म्हटली तर प्रयोगशाळा दारातच आहे. पश्चिमेला कास आणि कोयना, पूर्वेला माण-खटावची गायरानं. अडतं ते प्रवेश अर्जापाशी. पर्यावरणशास्त्राला जायचं, की वनस्पतिशास्त्राला जाऊन इकॉलॉजी हा विशेष विषय घ्यायचा?

मी वनस्पतिशास्त्र घेतलं. तरी पर्यावरणवाल्यांचं काम हलकं नाही. नदीकाठी उभं राहून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बाटलीत रसायनं घालून जागच्या जागी बांधून ठेवायचा, बीओडीसाठी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायला) नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवायचा, वर कायदे, जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम), पर्यावरणीय आघात मूल्यांकन. कारखान्यांत, तपासणी प्रयोगशाळांत, सल्लागार कंपन्यांत मागणी याच लोकांना. माझ्या ओळखीतले तरी लवकर कमवायला लागले.

मला खटकलं ते वेगळंच. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी पर्यावरणशास्त्राच्या एका गटाबरोबर माणकडच्या गायरानावर गेलो होतो. एक मीटरची चौकट टाकली आणि तक्त्यात लिहिलं : ‘गवत जाती १, गवत जाती २’. नाव कुणालाच सांगता येईना, आणि त्याचं कुणाला फारसं वाटतही नव्हतं. आच्छादनाचे, म्हणजे गवतानं किती जमीन झाकलीय त्याचे, टक्के भरले की चौकट पुढे. आता गायरानाचं सगळं गणित त्या नावांतच असतं. जनावरं पवन्या, मारवेल ही गवतं आधी खातात. चराई बेसुमार झाली की ती हटतात आणि कुसळी माजते. कोवळी असेतो कुसळीही चालते, पण कुसळं धरली की ती मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतात. दोन गायरानांवर आच्छादन सारखंच भरेल, पण धनगराला विचारा, तो एकाकडे ढुंकूनही बघणार नाही. मग आपण व्यवस्थापन नेमकं कशाचं करतोय?

वनस्पतिशास्त्रातही सगळं गोड नाही. शरीरक्रिया, आनुवंशिकी, स्लाइडी यांतच बराच वेळ जातो. पावसाळ्यात हर्बेरियमचे (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचे) कागद रोज बदलले तरी बुरशी धरतेच. पण तुऱ्यातलं एक कणिस भिंगाखाली धरून गवत ओळखायची सवय लागली, की ती कासच्या सड्यावरही (कातळाच्या पठारावरही) कामाला येते.

वनसेवेचा विचार असेल तर आणखी एक. भारतीय वनसेवेच्या पात्रतेत पदवीचे जे विषय चालतात, त्यांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र आहेत. पर्यावरणशास्त्राचं नाव नाही. नुसती त्याच विषयातली पदवी असेल तर हे आधीच बघा.

पाणी, प्रदूषण, कायदा यांत रस असेल तर पर्यावरणशास्त्रच बरं, उगीच माझ्या नादी लागू नका. जंगल, कुरण, सडा डोक्यात असेल तर मी वनस्पतिशास्त्रच सांगेन. जीआयएस नंतर एखाद्या छोट्या कोर्सनं शिकता येतं. प्रवेशाआधी दोन्ही विभागांत एवढंच विचारा, ऑगस्ट-सप्टेंबरात मुलं बाहेर रानात असतात की चाचणी परीक्षेला बसलेली.