शुलमन ग्रोव्ह: झाडं अव्वल, तयारी मात्र आपली आपण

कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समध्ये, सुमारे ३,००० मीटर उंचीवर ब्रिसलकोन पाइन या हजारो वर्षं जगणाऱ्या सूचिपर्णी झाडांची ही राई आहे. बिग पाइन गावातून हायवे १६८ ने साधारण २१ किमी, मग व्हाइट माउंटन रोडने १६ किमी. इथवर डांबर आहे. पेट्रोल गावातच भरा, पाणीही तिथूनच न्या. वर दोन्ही मिळत नाही. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद असतो.

वेळ कमी असेल तर दीड किमीची डिस्कव्हरी ट्रेल पुरते. मथुसेला ट्रेल सुमारे ७ किमीची, चढउताराची. विरळ हवेत दम लागतो, डोकं दुखतं, म्हणून पहिला अर्धा तास रमतगमतच चाला. ४,८०० वर्षांहून जुनं मथुसेला नावाचं झाड याच वाटेवर कुठेतरी आहे, पण त्यावर पाटी नाही. हिरमोड होतो खरा, पण निर्णय योग्यच. पाटी लावली की साल सोलणारे आलेच.

खरी मजा डोलोमाइट या चुनखडीसारख्या पांढऱ्या खडकावरची झाडं निरखण्यात आहे. या रुक्ष जमिनीत स्पर्धा कमी, वाढ अतिशय संथ, म्हणून लाकूड घट्ट आणि राळेने भरलेलं. कीड-बुरशीची डाळ सहसा शिजत नाही. बरंचसं खोड वाळलेलं, तरी सालीच्या एका पट्टीवर फांदी हिरवी! खाली पडलेला ओंडकाही उचलू नका: अशाच मृत लाकडाच्या वर्तुळांवरून रेडिओकार्बन कालमापन (जुन्या अवशेषांचं वय त्यांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढण्याची पद्धत) दुरुस्त केलं गेलं.

पुढची पेट्रिआर्क ग्रोव्ह आणखी १९ किमी, कच्च्या रस्त्याने. धारदार दगडांनी टायर फाटतात. धड स्टेपनी नसेल तर इथूनच परता.