नळी मोडायची छऱ्याची बंदूक: कागदावर चोख, पाखरांवर नको

लहानपणी चुलत्याच्या, मामाच्या खांद्यावर दिसायची तशी छऱ्याची बंदूक आपल्याही घरात असावी, असं वाटणारे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. इथे परीक्षण आहे ते देशी बनावटीच्या, लाकडी दस्त्याच्या, ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअरच्या (नळीच्या आतल्या रुंदीच्या) बंदुकीचं. नळी खाली मोडली की आतली स्प्रिंग दबते, ट्रिगर ओढला की सुटते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेच्या या बोअरला परवाना लागत नाही. ‘पॉइंट टू-टू’च (.२२, म्हणजे ५.५ मिमीचा मोठा बोअर) पाहिजे असा हट्ट असेल तर मात्र आधी परवान्याचं बघा.

डब्यावर छापलेल्या वेगाला भुलू नका, तो बहुधा हलक्या छऱ्यावर मोजलेला असतो. शिशाचा नेहमीचा छरा ०.५५ ग्रॅमचा धरला आणि तो सेकंदाला २२० मीटरने सुटला, तर ऊर्जा साधारण १३ ज्यूल होते. १० मीटरवरच्या कागदाला ती भरपूर झाली. त्याहून दणकट स्प्रिंग घेतली तर हादरा वाढतो आणि नेम सांभाळणं अवघड जातं.

घेताना खरी तपासणी सांध्याची. नळी बंद करून डावीउजवीकडे हलवून बघा. जराही खडखड जाणवली तर दुसरी मागा. नेम धरायची मागची साईट बॉडीवर आणि पुढची नळीच्या टोकावर असते, म्हणून सांधा ढिला असला की दोन्हींचा मेळ दर बाराला बदलतो. मग स्क्रू कितीही फिरवा, नेम बसणार नाही. हवा गळते का हे कळायला सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून, छरा घालून बार काढावा. पट्टी उडाली तर सांध्यातलं वॉशर बदलायचं, ते किरकोळ काम आहे. पिस्टनचं (स्प्रिंगच्या जोराने हवा दाबणाऱ्या दट्ट्याचं) सील किंवा स्प्रिंग गेली असेल तर बंदूक घरी उघडू नका. स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते, मागचा भाग सुटला की ती जोरात उसळते. ते काम अवजार असलेल्या मिस्त्रीचंच.

सील जातं ते बहुतेक दोन सवयींनी. एक, छरा न घालता बार काढणं. छऱ्यामुळे पुढे हवा दाबली जाते आणि पिस्टनला गादी मिळते. छरा नसला तर पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. दुसरी, शिलाई मशीनचं तेल आत सोडणं. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेतं, मोठा आवाज येतो, धूर निघतो. बंदुकीत जोर आला असं वाटतं, पण जळत असतं ते सील.

छरे घेताना चपट्या तोंडाचे घ्या. कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. घागऱ्यासारखी पोकळ बाजू मागे ठेवून बसवायचे. छरा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा, सुटली तर बोटं चेपतात. तोंडात छरे धरून एकेक काढायची जुनी सवय मुलांना अजिबात लागू देऊ नका. ते शिसं आहे, हात धुतल्याशिवाय भाकरीलाही शिवू नये.

बंदूक खांद्यात आवळून धरली की छरे विखुरतात. स्प्रिंगची बंदूक आधी मागे, मग पुढे हादरते, आणि छरा अजून नळीत असतानाच हे घडतं. म्हणून डावा तळहात खाली नुसता आधाराला, बोटं सैल, आणि दर वेळी धरायची जागा तीच. छरे डावीकडे लागत असतील तर मागची साईट उजवीकडे सरकवा. एवढं जमलं तर १० मीटरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत छरे बसतात. अशा बंदुकीकडून यापेक्षा जास्त मागू नये.

आपल्याकडच्या वाड्याच्या दगडी भिंतीवर निशाण टांगू नका. काळ्या दगडावरून छरा उलटा येतो आणि डोळा जाऊ शकतो. खोक्यात जुनी लुगडी, चिंध्या ठासून भरा आणि मागे मातीचा बांध येईल अशी जागा निवडा. चष्मा प्रत्येकाने घालायचा, बघणाऱ्यानेही.

तित्तर, होला, ससा यांच्यासाठी ही बंदूक घेऊच नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून शिकारीला मुभा मिळत नाही. शिवाय या ताकदीचा छरा पाखराला बऱ्याचदा नुसतं जखमी करतो. ते तुरीत जाऊन पडतं आणि तडफडून मरतं. लहानपणीची हौस भागवायची असेल तर कागद आहे, रिकामे डबे आहेत.

स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बंदूक ठेवली तर स्प्रिंगचा जोर जातो, म्हणून काम झालं की नेम धरून शेवटचा छरा निशाणावर सोडा. पावसाळ्यात बाहेरचं लोखंड तेलाच्या फडक्याने पुसत राहा. कपाटाला कुलूप हवंच.