घरचं जेवण आणि कॅलरी: अ‍ॅप बरं की तेलाचा कॅन?

वजन उतरवायचंय, पण झारा दुसऱ्याच्या हातात आहे, अशांसाठी हे लिहितोय. बेळगावात वडगावच्या आमच्या घरी आम्ही पाच माणसं. स्वयंपाक आई आणि वहिनीकडे. मी उद्यमबागच्या कारखान्यात लेथवर, दुपारचा डबा तिथेच उघडतो. अडीच महिने कॅलरी मोजायचं अ‍ॅप आणि डिजिटल काटा वापरला. त्यानंतर आजपर्यंत तेलाच्या कॅनवरून हिशोब करतोय.

अ‍ॅपने शिकवलं पुष्कळ, ते नाकारत नाही. शेंगाचटणीचा एक भरगच्च चमचा 80-85 कॅलरीचा, वर चमचाभर तेल ओतलं की सव्वाशेच्या घरात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. अंडं, दूध, केळं, बिस्किटाचा पुडा यांना अ‍ॅपसारखी सोय नाही. पण आमटी आली की ते विचारतं, किती वाट्या? आमच्या मांडणीवर चार मापांच्या वाट्या आहेत. पाणी भरून तोलल्या तर सगळ्यात लहान 110 ग्रॅमची आणि लग्नात आलेली, नाव घातलेली 190 ची. ताटात कुठली येईल ते वाढणारीच्या हातात. फोटो काढून कॅलरी सांगणारी अ‍ॅपंही पाहिली. त्यांना वरचा तवंग दिसतो, वांग्याने आत पिऊन ठेवलेलं तेल दिसत नाही.

भाकरीची गोष्ट निराळी. तव्यावरून उतरलेली आणि डब्यातली, दोन्हींची वजनं जुळत नाहीत, कारण काटा पाणीही मोजतो आणि पाण्याला कॅलरी नाही. यावर उपाय सोपा निघाला. वहिनीच्या हातच्या एक किलो पिठाच्या 14 भाकऱ्या होतात. ज्वारीचं पीठ शंभर ग्रॅमला साधारण 340 कॅलरी, म्हणजे भाकरी 240 ची. एकदाच काढलं, पुन्हा काटा लावला नाही.

तरी यातल्या कशानेही अ‍ॅप सुटलं नसतं. सुटलं ते विचारण्यामुळे. रोज फोडणीच्या वेळी मी ओट्यापाशी जाऊन उभा: तेल किती घातलं? पहिले चार दिवस वहिनी हसली. मग मी न विचारताच म्हणायला लागली, "भावजी, दोन चमचे झाले, लिहा." पुढच्या आठवड्यात माझी भाजी वेगळ्या कढईत आली, फिकी आणि उकडल्यासारखी. एका रात्री मी भाकरी काट्यावर ठेवली तेव्हा आई म्हणाली, "काय मोजूलालास रे? आमी काय चोरूलालाव काय?" दिवसभर मायक्रोमीटर धरणारा माणूस मी, मोजण्याची लाज कधी वाटली नव्हती. त्या रात्री वाटली. दुसऱ्यांच्या घरी असं होणार नाही कदाचित. माझ्या घरी झालं.

आता कॅन. तेलाचा पाच लिटरचा कॅन आमच्याकडे 25 दिवसांत संपायचा. पाच लिटर म्हणजे सुमारे 4,550 ग्रॅम. पाच माणसं, 25 दिवस, तर माणशी रोज 36 ग्रॅम. ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या की सव्वातीनशे. अ‍ॅपमध्ये मी दिवसाला तीन चमचे, जेमतेम सव्वाशे लिहीत होतो! दोनशे कॅलरींची चूक रोजची, आणि मी भाताच्या शितांवर भांडत बसलो होतो. हा आकडा दाखवला तेव्हा कुणाला राग आला नाही, कारण कॅन सगळ्यांचा. आईने स्वतःच पळी बदलून लहान घेतली. आता कॅन 33-34 दिवस जातो. बाकी मी फक्त भाकऱ्या मोजतो, चटणी एक चमचा घेतो, आमटी त्याच एका लहान वाटीने, आणि रविवारी सकाळी वजन करतो.

या हिशोबाला भोकं आहेत. तळण काढलेलं तेल उरतं, पाहुणे येतात, शेजारून कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) येतो, आणि घरातले सगळे सारखं खात नाहीत. एका जेवणाचा आकडा यातून कधीच मिळणार नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने तर डॉक्टर सांगतील तसंच मोजावं, तिथे अंदाज चालत नाही. खोलीवर राहून खानावळीत जेवणाऱ्यालाही कॅन दिसत नाही, त्याने अ‍ॅपच वापरावं आणि रस्सा-भाजीला आकडा थोडा चढाच धरावा. एखादा महिना अ‍ॅप वापरून मग सोडलं तर उत्तम, कारण कशात काय असतं ते डोक्यात बसतं.

अ‍ॅपच्या अडीच महिन्यांत माझं वजन एक किलो उतरलं. नंतरच्या पाच महिन्यांत साडेतीन, 77 वर आलोय. दर महिन्याला बघितलं तर फरक फार मोठा नाही, आणि यात कॅनचा वाटा किती, वहिनीच्या मूडचा किती, ते मला वेगळं काढता येत नाही.

करून बघायचं असेल तर कॅन उघडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख टाका. आमच्या आत्ताच्या कॅनवर ती वहिनीच्या अक्षरात आहे.